दुपारी तीनची दाढ

दाढ काढायची हे ठरलंच होतं. वाद होता तो किती वाजता काढायची याचा, आणि यात वाद घालण्यासारखं काही आहे हे आमच्या घरात माझ्याशिवाय कुणालाच पटत नव्हतं.

खालची, उजवीकडची, सगळ्यात शेवटची दाढ. दोन आठवड्यांनी येणाऱ्या शनिवारी आमच्या गावी, सेमेच्या घरी, माझ्या एकुलत्या एका मुलीला, अकेयोला, मागणी घालायला मुलाकडची माणसं येणार होती. आम्हा लुओ लोकांत या दिवशी मुलीच्या बापाला फारसं काही करावं लागत नाही. बोलणी मध्यस्थ करतो, हुज्जत थोरली माणसं घालतात. मुलगा इस्पितळात नोकरीला आहे एवढं मला कळलं होतं. कुठल्या इस्पितळात आणि काय करतो, हे बापाने विचारायचं नसतं. बापाने बसायचं आणि जेवायचं. पण ते जेवण मात्र मनापासून जेवायचं, कारण बापाने घास नाकारला की पाहुणे समजतात याला सोयरीक नको आहे. पाहुण्यांनी नाकारला तर आमची माणसं समजतात यांना आमचं घर नको आहे. माझ्या चुलत बहिणीचं लग्न कोंबडीच्या एका तंगडीवरून मोडलं. ती तंगडी कच्ची होती की पाहुणा माजोरी होता यावर आमच्याकडे अजून दोन तट आहेत.

तेव्हा दाढ त्या शनिवारच्या आत जायला हवी होती.

"सोमवारी सकाळी सरकारी इस्पितळात जा आणि काढून या," माझी बायको म्हणाली. ती उगेन्याकडची, म्हणून सगळे तिला न्यार-उगेन्या, म्हणजे उगेन्याची लेक म्हणतात, आणि उगेन्याच्या लेकी एकदा बोललेलं दुसऱ्यांदा बोलत नाहीत. "दहा मिनिटांचं काम आहे."

मी गेलोही असतो. पण त्याच रविवारी पेपरात एक लेख वाचला. माणसाच्या शरीरात एक घड्याळ असतं आणि वेदनासुद्धा त्या घड्याळाप्रमाणे कमीजास्त होते, असं त्यात होतं. तोच चटका पहाटे तीन-चारला सगळ्यात जास्त लागतो आणि दुपारी तीन-चारला सगळ्यात कमी. बधिर करायचं इंजेक्शनही दुपारी दिलं तर जास्त वेळ टिकतं. मी किसुमू शहरातल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो आणि गेली बावीस वर्षं सगळ्या शाळेचं टाइमटेबल करतो. गणिताचा तास जेवणानंतर ठेवला की काय होतं हे मला शरीराने नव्हे, पोरांच्या घोरण्याने शिकवलं आहे. आपल्या हाडामांसाच्या आतही कुणीतरी माझ्यासारखाच तासांचे तक्ते आखत बसला आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. मी बायकोला सांगितलं की दाढ दुपारी तीनला निघेल.

इथे एक खुलासा करतो. मी भित्रा नाही. पन्नाशीच्या माणसाने सुईला घाबरणं आणि पन्नाशीच्या माणसाने सुईची योग्य वेळ निवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यार-उगेन्याला हा फरक मी तीनदा समजावला.

आता पेपरातलं वाचून कुणी दाढ काढत नाही. पडताळणी हवी. त्यासाठी मी दोरीवरचा कपड्यांचा एक चिमटा घेतला. दर दोन तासांनी तो कानाच्या पाळीला एक मिनिट लावायचा, किती दुखलं याला दहापैकी गुण द्यायचे आणि ते आलेखाच्या कागदावर मांडायचे, असा प्रयोग ठरवला. दर दोन तासांनी म्हणजे रात्रीसुद्धा, त्यामुळे गजर लावावा लागला. शास्त्रात एका कानाचा पुरावा धरत नाहीत, म्हणून पहिल्या पहाटे मी बायकोच्याही कानाला चिमटा लावला. ती झोपेत होती. त्यानंतर ती जे बोलली ते नोंदवायला माझ्या कागदावर रकाना नव्हता.

शेजारचा मकोखा मात्र आनंदाने तयार झाला. तो पोस्टातून निवृत्त झाला आहे आणि त्याला कुणी काही विचारलेलं फार आवडतं. पण सकाळी लावा, दुपारी लावा, संध्याकाळी लावा, तो म्हणायचा, "चार."

"अहो, दर वेळी चारच कसं असेल?"

"मास्तर, चार म्हणजे बरं असतं. जास्त सांगितलं तर माणूस भित्रा ठरतो, कमी सांगितलं तर खोटारडा."

मकोखाच्या बायकोने लवंगेचं तेल दिलं. समोरच्या पाद्रीबाईंनी कोरफड चघळायला सांगितली. कोपऱ्यावरच्या शिंप्याने दाढेत तंबाखूची राख भरावी असं सुचवलं, त्याच्या स्वतःच्या तोंडात दात किती आहेत हे मी सभ्यपणे विचारलं नाही. तीन दिवसांत गल्लीतला प्रत्येक जण मला आधी दाढ कशी आहे विचारायचा आणि मग किती वाजलेत. पोरंसोरं कानाला चिमटे लावून शाळेत यायला लागली. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, कारण माझ्या उजव्या कानाच्या पाळीचा रंग तोवर सांगण्यासारखा राहिला नव्हता.

पण आलेख मात्र सुरेख येत होता. पहाटे तीनला नऊ गुण, दुपारी तीनला तीन गुण, मध्ये टेकडीसारखी चढउतार. मी तो भिंतीवर लावला.

त्याच सुमारास माझे थोरले काका, बाबा ओलांग, डोळ्यांत घालायचे थेंब घ्यायला गावाहून आले आणि शनिवारी आपल्याबरोबरच गावी परतू म्हणून आमच्याकडेच राहिले. बाबा ओलांग नव्वदीचे. त्यांच्या तोंडात खालचे पुढचे सहा दात नाहीत. पडलेले नाहीत, काढलेले. त्यांच्या पिढीत मुलगा जाणता झाला की खालचे सहा दात काढत, आणि ते काढताना जो हलला तो जाणता झालाच नाही असं धरत. बाबांनी भिंतीवरचा कागद बराच वेळ पाहिला.

"हे काय, सरोवराचा नकाशा?"

"नाही बाबा. माझी दाढ आहे."

"एका दाताचा एवढा नकाशा?" त्यांनी खुर्ची ओढली. "माझे सहा काढले. एका बैठकीत, झाडाखाली, लोखंडाच्या पट्टीने. मी हूं की चूं केलं नाही."

"किती वाजता काढले होते?" मी लेखणी घेऊन विचारलं. इतका जुना पुरावा रोज मिळत नाही.

"आमच्याकडे घड्याळ नव्हतं, म्हणून दुखलं नाही," बाबा म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "झब्लोन, शनिवारी पोरीची मागणी आहे. पाहुणे बघतील बाप कसा आहे. आपल्या घराण्यात दातापायी कुणी तोंडातून आवाज काढलेला नाही. एवढं सांभाळ."

पुढच्या सोमवारी आलेख गुंडाळून मी सरकारी इस्पितळात गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, "दात सकाळी. दुपारी फक्त टाके." मी त्याला शरीरातल्या घड्याळाबद्दल सांगितलं. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मला एक फॉर्म दिला. त्यात वेळ बदलून मागण्याचं कारण असा रकाना होता, बोटभर रुंद. मी कारण लिहून सोबत आलेख जोडला. तो म्हणाला, आलेखावर शिक्का हवा. कुणाचा हे त्यालाही माहीत नव्हतं, पण शिक्का हवा. मी नोकरीला शाळेत, म्हणून शाळेचा शिक्का चालेल असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. आमच्या मुख्याध्यापकांनी फार विचार करून खाली लिहिलं, "शाळेचा सदर दाढेशी संबंध नाही," आणि त्यावर शिक्का मारला.

मंगळवारी तो कागद घेऊन गेलो तर ज्यांनी मंजुरी द्यायची ते साहेब वेळेच्या नियोजनावरच्या शिबिराला गेले होते. शिवाय शिक्षकांच्या आरोग्य योजनेत बोटाचा ठसा घ्यायचं यंत्र बारा वाजता बंद होतं, म्हणजे योजनेच्या लेखी दुपारी कुणाला दाढच नसते. बुधवारी मी सरळ एका खाजगी डॉक्टरकडे गेलो. तिथे तीनची वेळ मिळाली. पावणेतीनला खुर्चीवर बसलो. खुर्चीने मला आडवं केलं आणि वीज गेली. दिवा गेला, यंत्र गेलं आणि खुर्चीही पाय वर डोकं खाली अशी थांबली. चार वाजून दहा मिनिटांनी वीज आली. डॉक्टर म्हणाले, "चला, करून टाकू." पण माझ्या आलेखावर चारनंतर रेघ वर चढायला लागते. मी त्यांचे आभार मानून उतरलो.

"काढली?" बायकोने दारातच विचारलं.

"वेळ टळली होती."

ती आत वळली. उगेन्याच्या लेकी गप्प बसल्या की घरातली भांडी बोलायला लागतात.

गुरुवारी गाल सुजला. आरशात उजव्या बाजूने मी चांगला खात्यापित्या घरचा दिसत होतो. संध्याकाळी अकेयो आली. ती टेकडीवरच्या मिशनच्या इस्पितळात प्रयोगशाळेत काम करते. गालाकडे आणि मग भिंतीकडे बघून ती खाली बसली आणि तिचे डोळे भरून आले.

"बाबा, तुम्ही परवा जेवला नाहीत तर ते लोक उठून जातील. हे तुम्हाला माहीत आहे ना?"

मला माहीत होतं. पहिल्यांदाच मला दाढेपेक्षा दुसरं काहीतरी जास्त दुखलं. पण मी म्हणालो, "तीनची वेळ मिळत नाही, मी काय करू?"

तिने डोळे पुसले. "उद्या तीन वाजता आमच्या इस्पितळात या. मी बोलून ठेवते. एकच अट. डॉक्टरांशी बोलायचं नाही. ते काम करताना बोलत नाहीत."

"असा माणूस मला आवडतो," मी म्हणालो.

शुक्रवारी तीनला पाच कमी असताना मी खुर्चीवर होतो. डॉक्टर उंच, तरुण, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, डोळ्यांवर मोठा चष्मा. मी आत आलो तेव्हा तो वाकून उभा राहिला आणि मग भिंतीकडे तोंड करून हत्यारं मोजू लागला. एवढा आदर हल्लीच्या डॉक्टरांत दिसत नाही. बोलायचं काम सिस्टर पेरेस करत होत्या. "तोंड उघडा मास्तर." मी उघडलं. डॉक्टरने बोट जवळ आणलं, थांबवलं, छताकडे पाहिलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला आणि मग बोट आत घातलं. मी मनात म्हटलं, बिचारा, माझ्यापेक्षा हाच घाबरला आहे. इंजेक्शन दिलं. मी सिस्टरला समजावून सांगितलं की आता तीन वाजून तीन मिनिटं झाली आहेत आणि मला जवळजवळ काहीच कळणार नाही.

मग त्याने चिमटा लावून दाढ हलवली.

माझी आई जाऊन एकवीस वर्षं झाली. तिला मी इतक्या मोठ्याने कधी हाक मारली नव्हती, ती शेताच्या पलीकडच्या टोकाला असतानासुद्धा. हाक मारून झाल्यावर तोंड मिटावं लागतं. मी मिटलं. डॉक्टरचं उजव्या हाताचं बोट अजून आतच होतं.

किंचाळल्या त्या सिस्टर पेरेस. डॉक्टरने आवाज काढला नाही. त्याने बोट सोडवून घेतलं, धुतलं, बांधलं, दुसरा हातमोजा चढवला, आणखी एक इंजेक्शन दिलं, थांबला आणि दाढ काढली. मग मान खाली घालून बाहेर निघून गेला.

"रात्री झोप किती होते?" सिस्टरने कापूस दाबत विचारलं. मी बोटांनी सांगितलं, बारा रात्री, दर दोन तासांनी गजर. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मास्तर, घड्याळ होतं, पण तुम्ही ते मोजून मोजून मोडलंत. न झोपलेल्या माणसाला सगळंच जास्त दुखतं, मग तीन वाजोत नाहीतर तेरा. आणि इतक्या सुजलेल्या जागी इंजेक्शन धड लागत नाही. सोमवारी सकाळी आला असतात तर काही कळलंही नसतं."

घरी बाबा ओलांग दारातच बसले होते. "कसं झालं?"

माझ्या तोंडात कापूस होता, तेव्हा खोटं बोलणं सोपं गेलं. मी हात आडवा हलवून सांगितलं, हूं नाही की चूं नाही. बाबांचा चेहरा असा फुलला की मला खरं सांगायचा धीर झाला नाही. रात्रीपर्यंत त्यांनी फोनवरून अर्ध्या सेमेला ही बातमी कळवली.

शनिवारी सेमेच्या घरी पाहुणे आले. मुलाकडचे चार वडीलधारे, मध्यस्थ आणि मुलगा, क्रिस्पिन ओनदिती. उंच पोरगा. काळा सूट. नजर जमिनीवर, उजवा हात खिशात. सगळे बसले तसं बाबांनी सुरुवातच केली, "हा माझा पुतण्या. काल दाढ काढली. तोंडातून आवाज नाही." पाहुण्यांनी माना डोलावल्या. पोरगा आणखी खाली बघू लागला.

जेवण आलं. मक्याच्या पिठाचा वाफाळता कुओन, तळलेला न्गेगे मासा, कोंबडी, पालेभाजी. हात धुवायला तांब्या फिरला. मी डाव्या बाजूने चावत होतो आणि सुजेसकट हसत होतो. पोराने उजवा हात बाहेर काढला तेव्हा बोटाला जाडजूड पट्टी होती. त्याने कुओनला हात लावून बघितला, घास वळेना. गरम वाफेने तो दचकला. मग अगदी हळू आवाजात त्याने चमचा मागितला.

सगळ्यांचे हात ताटातच थांबले. डाव्या हाताने जेवणं आमच्यात आणखी वाईट, पण सासुरवाडीला कुओनसाठी चमचा मागणं म्हणजे तुमच्या ताटात हात घालावासा वाटत नाही असं सांगणं.

"चमच्याने आजाऱ्यांना भरवतात," बाबा म्हणाले. "हाताला काय झालं?"

"दारात सापडलं, बाबा."

"बघू."

तो हात मागे घेत होता, पण मध्यस्थानेच पुढे केला. आपल्या पोराने चमचा मागितल्याची त्यालाही लाज वाटत होती. पट्टी सैल होऊन सरकली आणि खाली दातांच्या दोन कमानी दिसल्या, वर एक, खाली एक.

"कुठल्या दाराला दात असतात?" बाबांनी विचारलं. "हा माणसाचा चावा आहे. कुणाशी मारामारी केलीस? की कुठली बाई चावली?"

पोरगा बोलेना. त्याचे वडीलधारे एकमेकांकडे बघू लागले. "आम्हीही विचारलं होतं," मध्यस्थ म्हणाला. "सांगतच नाही." बाबांनी ताट पुढे सारलं. आमच्या घरात ताट पुढे सारलं की माणसं चपला शोधायला लागतात.

त्या चाव्याकडे बघून मला काही कळायला वेळ लागला नाही. वरच्या कमानीत एक दात तिरका आहे. तो माझा आहे, रोज आरशात बघतो. तो उंच डॉक्टर, छताकडे पाहून केलेली प्रार्थना, भिंतीकडे फिरवलेलं तोंड, सगळं एकदम समजलं. होणाऱ्या सासऱ्याच्या अंगाला हात लावणं आमच्यात पाप समजतात, तोंडात हात घालणं तर कुणाच्या स्वप्नातही येत नाही. हा पोरगा ते करायला तयार झाला होता आणि आता माझी अब्रू राहावी म्हणून आपलं लग्न मोडू देत होता. स्वयंपाकघराच्या दारात अकेयो उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने मला काही मागितलं नाही, आणि म्हणूनच मला बसवेना.

"चावा माझा आहे," मी म्हणालो.

बाबांनी कान पुढे केला. "काय म्हणालास?"

"काल दाढ यानेच काढली. अकेयोने सांगून ठेवलं होतं, मला माहीत नव्हतं. मी चावलो. आधी ओरडलो, मग चावलो."

"ओरडलास?"

"आईला हाक मारली."

"मोठ्याने?"

"बाहेर नंबर लावून बसलेली तीन माणसं घरी निघून गेली."

बाबा माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मी पुन्हा पंधरा वर्षांचा झालो. मग त्यांची नजर पोराकडे गेली. "जावयाने सासऱ्याच्या तोंडात हात घातला. हे कसं चालायचं?"

मध्यस्थाने घसा साफ केला. "बाबा, काल शुक्रवार होता. मागणी आज आहे. काल तो कुणाचाच जावई नव्हता."

बाबांनी यावर विचार केला. "आणि बोट चावलं गेलं तेव्हा हा पोरगा ओरडला?"

"आवाज नाही," मी म्हणालो. "हूं नाही की चूं नाही."

बाबांनी पुढे सारलेलं ताट परत ओढून घेतलं, पण खायला लागले नाहीत. कुणीच खात नव्हतं. सगळे त्या पोराच्या न उष्टावलेल्या ताटाकडे बघत होते. चमचा कुणी आणला नव्हता आणि आता आणलाही नसता. तो बांधलेलं बोट मांडीवर ठेवून बसला होता.

मी जागेवरून उठलो आणि त्याच्याशेजारी जाऊन बसलो. मुलीच्या बापाने असं करायचं असतं की नाही, मला माहीत नाही. त्याच्या ताटातला कुओन तोडला, मुठीत मळून घास केला, माशाचा काटा नसलेला तुकडा त्यावर दाबला, रश्श्यात बुडवला आणि त्याच्या तोंडापुढे धरला. त्याने आधी बाबांकडे पाहिलं, मग दाराकडे, मग तोंड उघडलं. मी घास आत ठेवला. माझी बोटं पूर्ण बाहेर येईपर्यंत त्याने दात मिटले नाहीत.